यादीत नसलेला पिंजारी

बाभुळगाव तालुक्यात कपाशी पिकते, पण घरोघर फोमच्या गाद्या आल्या. आपला पिंजारी मागे पडला. पीएम विश्वकर्मा योजनेत (2023) 18 व्यवसाय आहेत. प्रशिक्षणात रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत. यादीत शिंपी आहे, मोची आहे, पिंजारी नाही.

आपणही जकातीतून शिलाई मशीन देतो, फोटो काढतो (तेच मला खटकतं) आणि विसरतो. शिवलेलं विकायचं कुठे?

तरुण मित्रांनो, यवतमाळ-धामणगाव रस्त्यावर दोन खोल्या भाड्याने घेऊ. एकीत उस्ताद शिकवतील, दुसरीत रजया, गाद्या, शिवलेले कपडे किंमत लिहून मांडू. हिशेब तुम्ही ठेवा. आणि पिंजारकाम यादीत घ्यावं, असं निवेदन तहसीलदारांमार्फत याच महिन्यात देऊ.