ट्यून कुठाय, बॉस?

आमच्या ग्रुपमध्ये दोन पक्ष आहेत. बॅटवाले आणि स्पायडरवाले. यांची युती होत नाही, कुणी फुटत नाही, आणि निवडणूक मात्र दर शुक्रवारी रात्री! मुद्दा एकच. सुपरहीरोंच्या सीक्वेलमध्ये बाप कोण? सॅम रायमीचा २००४ सालचा 'स्पायडर-मॅन २' की ख्रिस्तोफर नोलनचा २००८चा 'द डार्क नाइट'? त्यानंतर मार्व्हलवाल्यांनी सुपरहीरोंची अख्खी सोसायटी उभी केली, ए विंगपासून झेड विंगपर्यंत. आमची मंडळी मात्र अजून याच दोन फ्लॅट्सच्या दारात भांडतायत.

सिनेमावरून वाद चालतो तोवर ठीक असतं. खरी ठिणगी पडते ती म्युझिकवरून. बॅटवाल्यांनी हान्स झिमरचं नाव काढलं रे काढलं की आमची एक मैत्रीण (कट्टर स्पायडरवाली, बँकेत नोकरी, वादातही व्याजासकट वसुली) टेबलावर हात आपटून विचारते, "ते सगळं ठीक, पण ट्यून कुठाय, बॉस? गुणगुणून दाखव!"

पलीकडे शांतता. कारण 'डार्क नाइट' गुणगुणायचा म्हणजे नेमकं करायचं काय? बॅटमॅनच्या वाट्याला मिळून दोन सूर. दोनच! ते फुगतात, आता काहीतरी होणार असं वाटतं, आणि विरून जातात. जोकरच्या वाट्याला तर मुळात एकच. चेलोवरचा एक लांबच लांब सूर, हळूहळू ताणत नेलेला, आता तार तुटेल की मग तुटेल असा. हा सूर तोंडानं काढून बघा. शेजारचा विचारेल, दाढ दुखतेय का?

यात आपल्या कानांचाही दोष नाही. आपण गाण्यांवर वाढलेली माणसं. साउंडट्रॅक म्हणजे कॅसेटच्या कव्हरवर छापलेली गाणी, विषय संपला. आपल्याकडचा 'क्रिश' घ्या. २००६चा हा सिनेमाही २००३च्या 'कोई... मिल गया'चा सीक्वेलच. पण तिथं वाद दोन मिनिटांत मिटतो. राजेश रोशनची गाणी आवडली की नाही आवडली, बस्स. हॉलिवूडवाल्यांचं जरा गुंतागुंतीचं. 'स्पायडर-मॅन २'चे २००४ मध्ये चक्क दोन वेगळे अल्बम आले. एक रॉक गाण्यांचा. त्यातलं डॅशबोर्ड कन्फेशनलचं 'व्हिंडिकेटेड' सिनेमा संपून नावं सरकायला लागली की वाजतं. दुसरा अल्बम डॅनी एल्फमनच्या पार्श्वसंगीताचा. आमच्या निम्म्या भांडणांत एक जण पहिल्या अल्बमबद्दल बोलत असतो, दुसरा दुसऱ्याबद्दल, आणि आवाज दोघांचाही चढलेला!

एल्फमनच्या बाजूनं स्पायडरवाल्यांकडे भक्कम पुरावा आहे. त्याची थीम सुरू झाली की डोळे मिटून कळतं, आता कुणीतरी दोन बिल्डिंगांच्या मधून झेपावणार. पण याच अल्बममागचा किस्सा काढला की त्यांचे चेहरे पडतात. सिनेमात डॉक्टर ऑक्टोपस आणि स्पायडर-मॅनची ट्रेनवरची ती जबरी मारामारी आहे ना? तिला पडद्यावर जे संगीत आहे ते एल्फमनचं नाहीच, ख्रिस्तोफर यंगचं आहे. अल्बमवर मात्र ट्रेनसाठी एल्फमननं केलेला तुकडा आहे. म्हणजे अल्बम ऐकून 'काय सीन होता यार' म्हणणारा भलताच सीन ऐकत असतो.

असं का झालं? तर टेम्प ट्रॅक नावाच्या भानगडीमुळे. सिनेमाचं एडिटिंग चालू असतं तेव्हा त्याचं स्वतःचं संगीत तयार नसतं. मग प्रसंगाचा ताल कळावा म्हणून आधीच्या कुठल्या तरी सिनेमाचं म्युझिक तात्पुरतं टाकतात. दिग्दर्शक तेच महिनोन् महिने ऐकतो आणि त्याच्या प्रेमात पडतो. मग खरा संगीतकार नवं काहीतरी घेऊन येतो, आणि याला ते परकं वाटतं. ऑफिसात नाही का, क्लायंटला 'नुसतं सॅम्पल' म्हणून दाखवलेलं डिझाइनच आवडतं आणि मग मेल येते, 'सेम असंच पाहिजे, पण वेगळं'! एल्फमन आणि रायमी यांचं यावरून चांगलंच फाटलं. 'स्पायडर-मॅन ३' (२००७) यंगकडे गेला. पुढे दोघांचं जमलं, २०१३च्या 'ऑझ'मध्ये आणि २०२२च्या 'डॉक्टर स्ट्रेंज'च्या सीक्वेलमध्ये ते पुन्हा एकत्र आले. पण आमच्या बँकवाल्या मैत्रिणीच्या लाडक्या सिनेमात ज्याच्या ट्यूनवर ती इतका जीव टाकते, त्या माणसाला तो सिनेमा करताना अजिबात मजा आली नव्हती, हे खरं.

बॅटवाल्यांची कहाणी याच्या बरोबर उलटी. झिमर जोकरसाठी प्रयोग करत बसला. तारांवर रेझर ब्लेड घासून बघ, असले प्रकार. असे तब्बल ९००० बार त्यानं करून ठेवले आणि ते आयपॉडमध्ये भरून नोलनच्या हातात दिले. नोलननं ते हाँगकाँगच्या विमानप्रवासात ऐकले आणि तो प्रवास काही सुखाचा झाला नाही, असं तो पुढे सांगायचा. दिग्दर्शक कानाला त्रास होईपर्यंत ऐकतोय आणि तरी 'दुसऱ्या कुणासारखं तरी कर' म्हणत नाहीये! बरं, काम एकट्या झिमरचं नव्हतं. जेम्स न्यूटन हॉवर्ड बरोबरीचा पार्टनर होता. हार्वी डेंटचं, म्हणजे त्या आदर्श सरकारी वकिलाचं संगीत हॉवर्डचं आणि जोकर झिमरचा. एकानं भला माणूस घ्यायचा, दुसऱ्यानं सैतान. काय वाटणी आहे!

जानेवारी २००८ मध्ये हीथ लेजर गेला. सिनेमा जुलैत यायचा होता. आता हे सगळं टाकून काहीतरी रीतसर, श्रद्धांजलीला शोभेल असं करावं का, हा विचार झिमरच्या मनात येऊन गेला होता. त्यानं तसं केलं नाही. लेजरनं उभा केलेला दुष्टपणा संगीतानं मऊ करायचा नाही, असं ठरवलं. मला या गोष्टीबद्दल त्या माणसाचा जाम आदर वाटतो.

यानंतर बॅटवाल्यांचं दुखणं ऐकून घ्यावं लागतं, इलाज नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये ऑस्करवाल्यांनी हे संगीत स्पर्धेतून बादच केलं. कारण? कागदावर संगीतकार म्हणून पाच नावं होती! डिसेंबरमध्ये निर्णय फिरवला, पण नॉमिनेशन काही मिळालं नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये ग्रॅमी मिळालं. आणि त्याच महिन्यात ऑस्कर कुणाला गेलं, हे मी तुम्हाला सांगायची गरज आहे? ए. आर. रहमान, 'स्लमडॉग मिलियनेअर'! साउंड मिक्सिंगमध्ये तर समोरासमोर लढत होती. तिथं 'डार्क नाइट'ला हरवणाऱ्या टीममध्ये आपला रसूल पूकुट्टी. बॅटवाल्यांची अवस्था अजून बघवत नाही. रहमान जिंकला म्हणून छाती फुगवायची की झिमर-हॉवर्डला विचारलंसुद्धा नाही म्हणून निषेध करायचा? एक जण दोन्ही करतो. आधी शिट्टी, मग शिवी.

इथपर्यंत संगीत झालं. आता सिनेमा. इथं बॅटवाल्यांचा एक माज मला सहन होत नाही. 'डार्क नाइट' आवडणं म्हणजे मॅच्युअर. 'स्पायडर-मॅन' म्हणजे पोरांचा. ऑफिसच्या कँटीनमध्ये नवा कुणी आला आणि त्याला आवडता सुपरहीरो सिनेमा विचारला की तो आधी इकडेतिकडे बघतो आणि मग जपून 'डार्क नाइट' म्हणतो. जसं इंटरव्ह्यूमध्ये 'तुमची वीकनेस काय' विचारल्यावर 'परफेक्शनिस्ट आहे' म्हणतात, तसं. आवडतो म्हणून सांगणं वेगळं आणि सेफ आहे म्हणून सांगणं वेगळं. चेहऱ्यावर लगेच कळतं हो!

मी 'स्पायडर-मॅन २' पहिल्यांदा शाळेत असताना बघितला, हिंदीत डब केलेला, केबलवर. तेव्हा डॉक ऑकचे ते चार यांत्रिक हात तेवढे दिसले. नोकरी लागल्यावर परत बघितला तर हात बाजूलाच राहिले. दिसला तो पीटर पार्कर. वेळेत पोचवला नाही म्हणून पिझ्झा डिलिव्हरीची नोकरी गेलेली. कॉलेजात लेट. घरमालक दारात भाड्यासाठी उभा. मैत्रिणीच्या नाटकाला पोचेपर्यंत दार बंद. आणि हा माणूस शहर वाचवतोय! घरमालकाची मुलगी त्याला चॉकलेट केक आणि ग्लासभर दूध देते, तो बसून खातो. एवढाच सीन. मारामारी नाही, इफेक्ट नाही, कथा इंचभरही पुढे सरकत नाही. परक्या शहरात कॉट बेसिसवर राहिलेल्या कुणालाही विचारा, त्या केकची किंमत काय ते.

आणि तो मधला भाग! पीटर सुपरहीरोगिरी सोडून देतो आणि रस्त्यानं निवांत चालत सुटतो, मागे 'रेनड्रॉप्स कीप फॉलिन ऑन माय हेड' वाजतं. गाणं १९६९चं, 'बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड'मधलं. राजीनामा टाकल्यानंतरचा पहिला सोमवार कुणी इतका बरोबर दाखवला असेल तर सांगा. लोक हसतात या सीनला. मला तर पोटात खड्डा पडतो, कारण ही सुट्टी टिकणार नाही हे त्यालाही माहीत असतं.

'हलकाफुलका' म्हणणाऱ्यांनी सिनेमाची शेवटची फ्रेम परत बघावी. मेरी जेन लग्नातून पळून पीटरकडे येते, सगळं गोड होतं. मग सायरन वाजतो, तो खिडकीतून निघून जातो आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो. त्या चेहऱ्यावर आनंद नाही, काळजी आहे. पोरांच्या सिनेमात असं संपवतात होय?

गंमत म्हणजे दोन्ही सिनेमांचा सगळ्यात भारी क्षण सुपरहीरोचा नाहीच. 'स्पायडर-मॅन २'मध्ये बेशुद्ध पडलेल्या पोराला ट्रेनमधले प्रवासी हातांवर झेलून आत नेतात. मुखवटा नसलेला चेहरा बघतात, अरे हा तर पोरगा आहे म्हणतात आणि चेहरा विसरायचं कबूल करतात. लोकलच्या गर्दीत चक्कर आलेल्याला कसं डोक्यांवरून पंख्याखाली आणतात, ते बघितलेल्याला हा सीन समजावून सांगायला लागत नाही. 'डार्क नाइट'मध्ये दोन बोटी, एकमेकींच्या स्फोटाचं बटण एकमेकींच्या हातात, आणि कुणीच दाबत नाही. तिथंही साधी माणसंच. आणखी एक योगायोग. न्यूयॉर्कमधल्या त्या ट्रेनचं काही शूटिंग शिकागोत झालंय, आणि नोलनचं गॉथम म्हणजेही शिकागोच. भांडणारे दोन्ही पक्ष एकाच गावचे!

माझं मत? सिनेमाला विचाराल तर स्पायडर. संगीताला विचाराल तर बॅट. दोन्हीकडून मला 'आयाराम-गयाराम' म्हणून झालंय, चालेल. पीटरचा पराभव माझ्या मापाचा आहे, ब्रूस वेनचा त्याच्या बंगल्याच्या मापाचा. पण संगीतात एल्फमन आधीच धीर देऊन टाकतो. थीम वाजली की कळतं, येतोय तो. झिमर आणि हॉवर्ड धीर देत नाहीत. दोन सुरांवर अडकलेली ती थीम पुरी होत नाही, कारण तो बॅटमॅन जिंकतच नाही. शेवटी त्याच्या मागे पोलीस आणि कुत्री लागलेली असतात. त्याला गुणगुणण्याजोगी ट्यून दिली असती तर ती खोटी वाटली असती. आणि ट्रकच्या पाठलागात तर बराच वेळ संगीतच नाही. नुसती इंजिनं, टायर, काचा. या सिनेमाला साउंड एडिटिंगचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. कुठं गप्प बसायचं हे कळणारा संगीतकार आणि त्याला गप्प बसू देणारा दिग्दर्शक एकाच सिनेमात मिळायला नशीब लागतं.

बँकवाली अर्थातच हे मान्य करत नाही. तिच्याकडे हुकमाचा एक्का आहे. २०२१चा 'नो वे होम'. आल्फ्रेड मोलिना सतरा वर्षांनी डॉक ऑक म्हणून परत आला आणि संगीतकार मायकल जियाकिनोनं एल्फमनच्या जुन्या थीम्स त्यात आणल्या. "इतक्या वर्षांनी ओळखू आली ना? मग! दोन सुरांचं हे होईल?" यावर बॅटवाले एरवी काहीतरी बोलले असते. पण पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, याच जियाकिनोनं 'द बॅटमॅन'ला चार सुरांची थीम दिली. साधी, ठोकळेबाज, शाळेतल्या पोरालाही म्हणता येईल अशी. तेव्हापासून बॅटवाल्यांतच उभी फूट आहे. आमच्यातला सगळ्यात कडवा झिमरभक्त कॅबमध्ये तीच थीम गुणगुणताना पकडला गेला. त्याचा खुलासा तयार होता, "ही ट्यून नाहीये, हा मोटिफ आहे."