दुसरा क्लच

वयाच्या 51व्या वर्षी मी गाडी शिकते आहे. माझं भांडण रस्त्याशी नाही, शिकवणाऱ्याच्या डाव्या पायाशी आहे. मोटर ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत त्याच्या बाजूलाही क्लच-ब्रेक असतात. अपघात टळावा म्हणून ब्रेक हवाच. पण क्लचही तोच दाबतो, आपण नुसतं स्टिअरिंग धरायचं आणि ‘छान जमतंय, मॅडम’ ऐकून खूश व्हायचं!

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे खासगी गाडीसाठी किमान 21 दिवसांचं प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष 10 तास चालवणं हवं. रोजचा अर्धा तास धरला तर हिशेब जेमतेम बसतो. त्यातच पुढच्या शिकाऊला घरून उचलायचं असतं, पेट्रोल भरायचं असतं, मास्तरांना फोन घ्यायचा असतो.

चढावर गाडी उचलताना क्लच अर्धा सुटला की इंजिनाचा आवाज दबतो, गाडी किंचित थरथरते. हँडब्रेक सोडायचा तो तेव्हा. ही थरथर स्वतःच्याच तळपायाला कळावी लागते.

ती न कळताच परवाना मिळालेल्या कितीतरी जणी पुन्हा शेजारच्या सीटवर जाऊन बसतात. वर घरचे म्हणतात, बायकांना क्लचचा अंदाजच नसतो. अहो, येऊ कुणी दिला? विशीतला मुलगा वडिलांची गाडी मैदानात नेऊन पन्नासदा बंद पाडतो, त्याला शिकणं म्हणतात.

मी हल्ली बसल्या बसल्याच सांगते : ब्रेकवर पाय असू द्या, क्लचवरचा काढा. बंद पडली तर पडू दे. मास्तरांना ते आवडत नाही. फी मात्र त्यांनी आगाऊच घेतलेली आहे.