कादंबरीला सोवळे नेसवू नका

पहिली कादंबरी लिहायला बसलेल्यांना उपदेश करण्याची हौस मराठीत जुनी आहे. नुकतीच एका ज्येष्ठ समीक्षकांनी ती पुन्हा भागवून घेतली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: नव्या कादंबऱ्यांत सिनेमाची गाणी, मालिका, मोबाइल आणि बाजारी बोली यांचा सुळसुळाट झाला आहे. हे सारे पाच-दहा वर्षांत शिळे होते, म्हणून ज्याला टिकाऊ लिहायचे त्याने ते उंबऱ्याबाहेर ठेवावे. भाषा प्रमाण असावी. आणि चाळिशीच्या आत कादंबरीच्या वाटेला जाऊ नये.

वयाचे उत्तर एका ओळीचे आहे. ‘कोसला’ १९६३ साली आली, तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचविशीत होते.

खरी चीड येते ती शिळेपणाच्या मुद्द्याची. समजा, एखादी नवी लेखिका सोलापूर जिल्ह्यातल्या गावातले, २०१६च्या मे महिन्यातले लग्न लिहिते आहे. एप्रिलअखेर ‘सैराट’ लागलेला. वरात निघताच डीजेवाल्याकडे फर्माईश ‘झिंगाट’ची. नवरदेवाचे मित्र, करवल्या, कधी घराबाहेर न नाचलेल्या मावश्या, सगळे रस्त्यावर. जातीबाहेर लग्न केलेल्या जोडप्याच्या खुनाने जो सिनेमा संपतो, त्याच सिनेमाच्या गाण्यावर जातीतल्या जातीत जुळवलेल्या लग्नाची वरात नाचते आहे, आणि नाचणाऱ्या एकालाही त्यात काही वावगे वाटत नाही. एका गाण्याने गावाची सगळी घडी उलगडून समोर ठेवली. कादंबरीकाराला आणखी काय हवे? समीक्षकांचा सल्ला मानायचा तर तिने गाणे खोडावे आणि ‘वाद्ये वाजत होती’ एवढेच लिहावे. मग ते लग्न कुठल्याही गावचे, कुठल्याही सालचे. म्हणजेच कुठलेच नाही.

टिकाऊपणाच्या नावाने बोलणाऱ्यांनी आपलाच इतिहास उघडून पाहावा. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’, साल १८८५. तिला आधार होता रेनॉल्ड्सचा, लंडनच्या सामान्य वाचकांत हप्त्याहप्त्याने खपणाऱ्या सनसनाटी कथांच्या लेखकाचा. पुढे ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः आली ती ‘करमणूक’ या साप्ताहिकात, आणि ती सांगते यमू, घरातल्या बाईच्या बोलण्यात. अण्णा भाऊ साठे यांनी पोवाडे रचले, लोकनाट्ये लिहिली आणि १९५९ साली ‘फकिरा’ दिली. तमाशाच्या फडाला टाळ्या वाजवणारा माणूस आणि ‘फकिरा’ वाचणारा माणूस अनेकदा एकच होता. मराठी कादंबरी लोकांच्या करमणुकीशेजारी वाढली आहे, तिच्यापासून अंग चोरून नव्हे.

प्रमाण भाषेचा हट्ट तर किती वेळा हरायचा? उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधली (१९६०) कौतिक वऱ्हाडी बोलते. तिच्या तोंडी पुस्तकी मराठी घालून पाहा, कौतिक उरतच नाही. किरण नगरकरांची पहिली कादंबरी ‘सात सक्कं त्रेचाळीस’ (१९७४) इंग्रजी-हिंदीला दारात अडवत नाही. साठच्या दशकात एका कादंबरीत मुंबईच्या नाक्यावरची पोरे आपल्या भाषेत बोलू लागली, तेव्हाही मराठी बाटल्याची ओरड झाली होती. ती कादंबरी आजही वाचली जाते. ओरडणाऱ्यांचे लेख शोधावे लागतात. तोच वाद, तीच विशेषणे, फक्त तेव्हा नाका होता आणि आता मोबाइल आहे.

मग नव्या लेखकाने करावे काय? कान उघडे ठेवावेत. बसस्टँडवरचा कंडक्टर, शेजारच्या घरातली मालिका, रात्री उशिरा फोनवर हळू आवाजात बोलणारी बहीण, यांचे शब्द जसेच्या तसे टिपावेत आणि लिहिताना गुळगुळीत करू नयेत. गाणे घातले तर ते कोण लावते, कोण बंद करायला सांगते, कोणाला ते ऐकून उठून जावेसे वाटते, हे दिसले पाहिजे. नुसता काळ दाखवायला चार सिनेमांची नावे पेरणे हा आळस आहे, आणि तो काही नव्या हस्तलिखितांत दिसतोही. तशी नावे संपादकांनी बेलाशक खोडावीत.