दोन सह्या संगणकावरही हव्यात

धनादेशावर दोघा पदाधिकाऱ्यांच्या सह्या, ही आपल्या बहुतेक शाखांची जुनी शिस्त. हिशेब संगणकावर गेले आणि आमच्या मते ती नकळत सुटली. इमारत निधी, वनौषधी उद्यान निधी, परिसंवाद निधी हे सारे एकाच पासवर्डने हाताळले जातात. परिसंवादाची तूट इमारत निधीतून भरून काढायची तर एक जर्नल नोंद पुरे. दात्याने ज्या कारणासाठी पैसे दिले ते कारणच बदलते. रक्कम मात्र खात्यातून हललेली नसल्याने पासबुकात त्याचा मागमूसही राहत नाही.

म्हणून दुहेरी मंजुरी केवळ देयकांना लावून भागणार नाही. निधी-बदलाच्या नोंदींना आणि पुरवठादाराच्या बँक तपशिलातील फेरफारालाही ती हवी. नोंद करणाऱ्यास स्वतःची नोंद मंजूर करता येऊ नये. मंजुरीनंतर रक्कम बदलल्यास ती मंजुरी आपोआप रद्द व्हावी. ॲडमिनचा अधिकार या दोघांपैकी कोणाकडेही नसावा, अन्यथा कुलूपही त्यांचे आणि किल्लीही त्यांचीच.

'खजिनदारांवर विश्वास नाही काय?' असे विचारले जाते. ज्याने काढा सिद्ध केला त्यानेच गुणनियंत्रणाचा शेरा मारावा, हे आपल्यातील औषधनिर्माते मान्य करतील काय? तेथे अविश्वासाची भाषा कोणी करीत नाही. खरी अडचण निराळीच आहे. दुसरा मंजुरीदार ओपीडीत गुंतलेला असतो आणि मग पासवर्डच फोनवरून सांगितला जातो. त्यासाठी कार्यकारिणीने ठराव करून पर्यायी मंजुरीदार आधीच नेमावा. आगामी बैठकीत तसा ठराव आम्ही मांडणार आहोत.