‘आपण’ आणि ‘आम्ही’ : ऑनलाइन खेळांनी कोणत्या भाषा बोलाव्यात?

अनेकांनी दूरदूर बसून एकाच वेळी खेळायच्या ऑनलाइन खेळांची भाषांतरे कोणकोणत्या भाषांत व्हावीत, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनी हाती घेण्याजोगा नाही, असा आपल्याकडे एक अलिखित समज आहे. तो बाजाराचा प्रश्न आहे, बाजार तो सोडवील, असे म्हटले जाते. बाजाराने तो सोडवला आहे, हे खरेच आहे. मात्र ज्या रीतीने सोडवला आहे ती आम्हांला मान्य नाही. आणि भाषेच्या नावाने ज्यांची उपजीविका चालते, त्यांनी याबाबत बाळगलेले मौन तर त्याहूनही मान्य नाही.

या धंद्यात ‘ईएफआयजीएस’ असे एक लघुरूप रूढ आहे. इंग्रजी, फ्रेंच, इटालियन, जर्मन आणि स्पॅनिश या पाच भाषांची ती आद्याक्षरे. खेळ जगभर न्यायचा म्हणजे प्रथम या पाच भाषांत न्यायचा, हा संकेत. पुढे जपानी, कोरियन, चिनी, रशियन, ब्राझिली पोर्तुगीज अशी यादी वाढत जाते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चे उदाहरण घ्या. हा खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत आला. २००५ मध्ये तो कोरियन, फ्रेंच, जर्मन आणि चिनी भाषांत पोचला. २००८ मध्ये रशियनमध्ये, २०११ च्या अखेरीस ब्राझिली पोर्तुगीजमध्ये आणि २०१२ मध्ये इटालियनमध्ये. वीस वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या खेळात एकाही भारतीय भाषेचा प्रवेश झालेला नाही. इटलीची लोकसंख्या सुमारे ६ कोटी. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख. तेव्हा भाषा निवडताना डोकी मोजली जातात, हा भ्रम आधी दूर व्हायला हवा. मोजले जातात ते खिसे.

कंपन्यांची बाजू आम्ही समजून घेत नाही, असे नाही. कादंबरीचे भाषांतर एकदा होते आणि संपते. ऑनलाइन खेळाचे भाषांतर संपतच नाही. दर काही आठवड्यांनी नवी शस्त्रे, नवे प्रदेश, नवे नियम येतात आणि प्रत्येक भर सर्व भाषांत एकाच दिवशी उतरावी लागते. शिवाय भाषा स्वीकारली म्हणजे त्या भाषेत येणाऱ्या तक्रारी वाचणारी, गप्पांमधील शिवीगाळ ओळखणारी माणसेही नेमावी लागतात. हा खर्च खरा आहे. परंतु खर्च आहे म्हणून निवड करावी लागते, एवढेच त्यातून सिद्ध होते. ती केवळ क्रयशक्तीवर करावी, हे सिद्ध होत नाही.

यावर एक तयार उत्तर मिळते : हिंदी आहे ना! २०१९ मध्ये आलेल्या ‘एज ऑफ एम्पायर्स २’च्या नव्या आवृत्तीत हिंदी आहे, आणि ती असण्याचे आम्ही स्वागतच करतो. कारण तिने एक सबब कायमची निकालात काढली. देवनागरी पडद्यावर नीट उमटत नाही, जोडाक्षरे तुटतात, पहिली वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते, हे रडगाणे अनेक वर्षे गायिले गेले. हिंदीसाठी जे साधते ते मराठीसाठी ‘ळ’ आणि ‘सुऱ्या’मधला तो अर्धा ‘र’ सांभाळून साधता येईल. लिपीचा प्रश्न सुटला. आता उरला तो केवळ इच्छेचा.

पण ‘हिंदी आहे ना’ या वाक्यात दडलेली गोष्ट याहून गंभीर आहे. मराठी ही हिंदीची थोडी वेगळी बोली, तिच्या गरजा हिंदीत भागतात, हे त्यातील गृहीतक. ते किती पोकळ आहे, हे खेळातल्या साध्यात साध्या वाक्यावरूनही दिसते. खेळात वाक्ये साच्यांतून तयार होतात. ‘अमुकने तमुक मिळवले’ असा साचा करून ठेवायचा आणि रिकाम्या जागी नावे भरायची. इंग्रजीत हे बिनबोभाट चालते. मराठीत भाला मिळवला, तलवार मिळवली, धनुष्य मिळवले. तीन लिंगे, तीन क्रियापदे. पुढे त्याच शस्त्राने वार करायचा तर भाल्याने, तलवारीने, धनुष्याने. नाम सामान्यरूपात जाते आणि रिकाम्या जागेत भरलेले ‘भाला’ निरुपयोगी ठरते. हिंदीसाठी बांधलेला दोन लिंगांचा साचा मराठी नपुंसकलिंगापुढे हात टेकतो. म्हणजे मराठी हवी असेल, तर तिचा विचार खेळ रचतानाच करावा लागेल. मागाहून हिंदीवर कलम करून भागणार नाही.

याहून मोलाचे उदाहरण सर्वनामाचे आहे. एका संघात खेळणारे चौघे आणि समोरचे चौघे, हा या खेळांचा गाभा. इंग्रजीत दोघांशी बोलताना ‘वुई’, हिंदीत दोघांशी बोलताना ‘हम’. मराठीत आपल्या गड्याला सांगताना ‘आपण चढाई करू’ आणि प्रतिपक्षाला सुनावताना ‘आम्ही चढाई करू’. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला बाहेर ठेवणारे ‘आम्ही’, हा भेद मराठीने जपला आहे. तेलुगूत आणि तमिळमध्येही तो आहे. जो खेळच मुळी ‘आपले कोण आणि परके कोण’ यावर उभा आहे, त्याला असा भेद अंगभूत असलेली भाषा अधिक जवळची वाटायला नको का? आमच्या एका अध्यापक मित्राने पदव्युत्तर वर्गात अशा वीस वाक्यांचे भाषांतर करायला दिले होते. भाषांतरमीमांसेच्या तासाला मान खाली घालून बसणारी मुले ‘आपण’ की ‘आम्ही’ यावरून तासभर भांडली. अभ्यासक्रमातल्या कोणत्याही उताऱ्याने हे घडवून आणले नव्हते.

आता आमच्याच गोटाकडे वळू. ‘खेळाचे कसले भाषांतर?’ असे नाक मुरडून विचारणाऱ्यांना आम्ही मराठी भाषांतराच्या इतिहासाची आठवण देऊ इच्छितो. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, देवलांनी १८९० मध्ये ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, तेव्हा नाटक हा काही सर्वमान्य सभ्य व्यवहार नव्हता. ज्या करमणुकीकडे प्रतिष्ठित मंडळी संशयाने पाहत, तिच्यातच भाषेने नवी ताकद कमावली. आणि खेळांचे म्हणाल, तर विटीदांडूत मोजायचे ‘वकट, लेंड, मुंड, नाल’ हे तेलुगू-कन्नड अंकांशी नाते सांगणारे शब्द कोणत्या विद्यापीठाने मराठीत आणले? पोरांनी आणले, खेळता खेळता. उलट दिशेचे उदाहरण खो-खोचे. त्याचे नियम विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्यात बांधले गेले; जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि देशोदेशीच्या खेळाडूंनी ‘खो’ हा शब्द जसाच्या तसा उच्चारला. खेळ शब्द घेतो, शब्द देतो. जो समाज खेळात आपली भाषा ठेवत नाही, तो या देवघेवीत केवळ घेणेकरी उरतो.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र खेळाडूंचाच आहे. ‘मराठी दिली तरी आम्ही इंग्रजीच ठेवू,’ असे मुले सांगतात. आणि त्यांचे चुकते असे आम्हांला वाटत नाही. मराठीच्या नावाखाली त्यांना आजवर जे मिळाले, ते बँकेच्या यंत्रावरील मराठीसारखे होते. तिथे मराठीचा पर्याय निवडून पुढे गोंधळलेला आणि पुन्हा इंग्रजीकडे वळलेला माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे, अनेकदा तो माणूस आपणच होतो. ‘रीलोड’ला ‘पुनर्भरण’ आणि ‘हेडशॉट’ला ‘शिरोवेध’ करून खेळ मराठी होत नाही. तो फक्त हास्यास्पद होतो. विटीदांडूने ‘वकट’ पचवले, तसे मराठीने ‘हेडशॉट’ पचवावे. आमचा आग्रह शब्दशुद्धीचा नाही. आणि आपल्यापाशी असलेले शब्द तर आधी वापरावेत! गडी, भिडू, डाव, चढाई, हुलकावणी, रडीचा डाव, ‘तुझ्यावर राज्य’ : ही सारी खेळाची सिद्ध परिभाषा आहे. यंत्राकडून भाषांतर करून घेण्याच्या आजच्या काळात तर हे अधिकच निकडीचे आहे. यंत्र व्याकरण बऱ्यापैकी सांभाळते, पण ‘चीटिंग’ला ‘फसवणूक’ म्हणायचे की ‘रडी’, हे ज्याने मैदानात रडी खाल्ली आहे त्यालाच कळते.

तेव्हा सगळेच भाषांतरित करा, असे आम्ही म्हणत नाही. आम्ही क्रम सांगतो. आमच्या परिचयातील एका विद्यार्थ्याचे (तालुक्याच्या गावातला, बारावीचा मुलगा) एका खेळातील खाते सात दिवसांसाठी बंद झाले. का, ते इंग्रजीत लिहून आले होते. दाद मागायची तर तीही इंग्रजीत लिहायची होती. त्याने शब्द जुळवून पाहिले, दोनदा खोडले, आणि नाद सोडला. तो खेळ त्याला इंग्रजीत उत्तम खेळता येत होता. चित्रे, रंग, सवय यांवर माणूस पुष्कळ खेळू शकतो. अडले ते न्याय मागताना. म्हणून आमच्या मते भाषांतराचा पहिला हक्क नियमांचा, शिक्षेच्या सूचनांचा, तक्रारीचा आणि पैसे भरण्याच्या अटींचा. दुसरा, नवख्याला खेळ शिकवणाऱ्या मजकुराचा. कथा, संवाद, शस्त्रांची काव्यमय नावे हे सर्व त्यानंतर. कंपन्यांचा क्रम नेमका उलटा असतो. जाहिरात आधी स्थानिक भाषेत येते, एखाद्या नटाचा आवाज येतो, सणाला शुभेच्छा येतात आणि करारनामा मात्र अखेरपर्यंत इंग्रजीत राहतो. गिऱ्हाईक म्हणून आमच्याशी मराठीत बोलायचे आणि तक्रारदार म्हणून इंग्रजीत, याला भाषाप्रेम म्हणत नाहीत.

हे कोणी करायचे? ‘माइनक्राफ्ट’चा दाखला नेहमी दिला जातो. त्याची भाषांतरे स्वयंसेवक करतात आणि भाषांची संख्या शंभरावर गेली आहे. त्यात वेल्श आहे, बास्क आहे, कन्नड आणि तमिळ आहेत. क्लिंगॉनसारखी कल्पित आणि टोकी पोनासारखी घडवलेली भाषाही आहे. दरवाजा उघडा ठेवला तर कोण कोण आत येते, हे यातून दिसते. पण या उदारतेची दुसरी बाजूही पाहावी. हा खेळ करणारी कंपनी २०१४ मध्ये अडीच अब्ज डॉलरला विकली गेली. जिच्यापाशी एवढे धन आहे, तिच्यासाठी भाषाभिमानी तरुणांनी फुकट राबावे, ही व्यवस्था लहान भाषांच्या वाट्यालाच का यावी? फ्रेंच भाषांतरकाराला मोबदला आणि इतरांना कृतज्ञता, हा नवा जातिभेद आम्हांला दिसतो. म्हणून आमची मागणी दुहेरी आहे : मजकुराच्या फायली सर्व भाषांसाठी खुल्या कराव्यात, आणि नियम-तक्रारींच्या मजकुराचे भाषांतर व्यावसायिकांकडून, पैसे मोजून करून घ्यावे.

विद्यापीठांतील मराठी विभागांचे कामही येथेच सुरू होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचे सोहळे झाले. शिवकाळात फार्सी शब्दांना पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला होता, हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. तो कोश राज्य चालवणाऱ्यांच्या टेबलावर ठेवण्यासाठी होता, भाषणासाठी नव्हे. आज एखाद्या विभागाने खेळांची दोन-तीनशे शब्दांची परिभाषा मुलांना विचारून, मैदानातून आणि पडद्यावरून गोळा करून सिद्ध केली, तर अभिजाततेचे ते सोहळ्याहून अधिक खरे चिन्ह ठरेल.

एक शेवटचा मुद्दा, आणि तो आमच्याच विरुद्ध आहे. ८ कोटींची मराठी ज्या तर्काने दार ठोठावते, त्याच तर्काने तिच्या दारावर इतर भाषा थाप मारणार. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे ३० लाख, कोंकणी सांगणारे सुमारे साडेबावीस लाख. अहिराणीचे काय? ‘मराठी आहे ना!’ हे उत्तर आपण त्यांना देणार असू, तर ‘हिंदी आहे ना!’ हे उत्तर आपल्याला ऐकावेच लागेल, आणि तक्रारीचा अधिकार उरणार नाही. आम्ही मराठीसाठी मागतो ते मोठेपणाच्या बळावर नव्हे. खेळणाऱ्याला ज्या भाषेत न्याय मागता येतो, त्या भाषेत त्याला उत्तर मिळावे, हे ते तत्त्व. आणि ते आकड्यांवर अवलंबून नाही.

मराठीने ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे ठेवले. या लेखात आम्ही आरंभापासून ‘आम्ही’ म्हणत आलो, कारण वाचकाला गृहीत धरणे बरे नव्हे. आता त्याने ठरवायचे आहे की, ही मागणी आमची आहे की आपली.