तळे कुणाचे, काठ कुणाचा?



नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात वर्षानुवर्षे मुद्रांक कागद छापला गेला. त्याच कागदावर या राज्यातल्या किती शेतकऱ्यांच्या जमिनी हातातून गेल्या, याचा हिशेब कोणत्याही छापखान्याने ठेवलेला नाही. आता त्या कागदावर नवे शब्द आले आहेत. 'लेक व्ह्यू', 'लेक साईड', 'सेकंड होम'. आपण ज्याला धरणाचा फुगवटा म्हणतो, त्याला शहरातले लोक 'लेक' म्हणतात. आपल्याला फुगवटा दिसला की बुडालेले गावठाण आठवते. त्यांना तो दिसला की बाल्कनी आठवते. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात आज रिसॉर्ट आहेत, वायनरी आहेत, बंगले आहेत. राज्यात जिथे जिथे धरण तिथे तिथे दलाल, अशी गत होत चालली आहे. म्हणून या अंकात तळ्याकाठच्या वसाहतीचे सगळ्यात मोठे उदाहरण तपासून पाहू. त्याचे नाव लवासा.

कपाशी आणि ज्वारी पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याचा लवासाशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे. पाण्याचा आहे, जमिनीच्या कायद्याचा आहे आणि कर्जाचाही आहे.

तळे आभाळातून पडत नाही

लवासाचे तळे म्हणजे मोसे नदीवरच्या वरसगाव धरणाचा जलाशय. हे धरण बांधले सरकारने, जनतेच्या पैशाने. कारण सांगितले होते पुणे शहराला पिण्याचे पाणी आणि खाली हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतीला पाणी. त्यासाठी मोसे खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी भातखाचरे सोडली, घरे सोडली. 'सार्वजनिक हित' हे दोन शब्द उच्चारले की शेतकऱ्याने उठायचे असते, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

किती जुनी? याच मुळशी तालुक्यात १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तो टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध. त्या धरणाची वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना हवी होती. कापूस वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याचा, पाणी मावळच्या शेतकऱ्याचे आणि गिरणी तिसऱ्याची. दोन्हीकडचे शेतकरी लुटले गेले आणि एकाला दुसऱ्याचे नाव ठाऊक नव्हते. शंभर वर्षांनंतर त्या मुळशी तलावाच्या काठीही रिसॉर्ट आहेत.

लवासाच्या बाबतीत गोष्ट एक पाऊल पुढे गेली. १९९६ साली राज्य सरकारने नव्या थंड हवेच्या ठिकाणांसाठी नियम केले. २००१ साली मुळशी आणि तेव्हाच्या वेल्हे तालुक्यातली १८ गावे 'गिरिस्थान' म्हणून जाहीर झाली. २००२ साली कृष्णा खोरे विकास महामंडळाने आपल्या ताब्यातली १४१.१५ हेक्टर जमीन कंपनीला तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. लिलाव पुकारला नाही. धरणाच्या महामंडळाकडची जमीन बंगल्यांच्या कंपनीकडे गेली. धरणाला नको असलेली जमीन आधी तिच्या मूळ मालकाला विचारावी, एवढी साधी रीतही सरकारला सुचली नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ती अशी.

चोपन्न एकर आणि पंचवीस हजार एकर

या राज्यात कमाल जमीन धारणेचा कायदा आहे. कोरडवाहू शेतकऱ्याने चोपन्न एकरांपेक्षा जास्त जमीन ठेवली तर तो गुन्हेगार. सरकार जादा जमीन काढून घेते. लवासाचे नियोजन होते सुमारे पंचवीस हजार एकरांचे. भागाकार करून पाहा. ४६० हून जास्त शेतकरी कुटुंबांची कमाल मर्यादा एकत्र केली तर एक लवासा होते.

दुसरा कायदा कूळ कायदा. त्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच विकता येते. बिगरशेतकऱ्याला विकायची तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. आपल्याला सांगतात की हे शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी आहे. परिणाम काय होतो? गिऱ्हाइके कमी, म्हणून भाव कमी. मुलीचे लग्न, बापाचे आजारपण, सावकाराचा तगादा यांपैकी काहीतरी अंगावर आले की शेतकरी गावातल्याच एखाद्या धनवंताला पडेल भावाने जमीन विकतो. बाजार समितीत जसा ठरावीक अडत्यांपुढे माल ओतावा लागतो, तशीच ही गत आहे.

आता पाहा. २००५ साली विधिमंडळाने कूळ कायदा आणि कृष्णा खोरे महामंडळाचा कायदा यांत दुरुस्त्या केल्या. वसाहती उभारणाऱ्यांची वाट मोकळी झाली. आणि या दुरुस्त्या लागू केल्या मागील तारखेपासून! शेतकऱ्याने पीक विम्याचा अर्ज एक दिवस उशिरा दिला तर तो रद्द होतो. कंपनीसाठी मात्र कायदाच कॅलेंडर उलटे फिरवतो.

हे सारे मुंबई उच्च न्यायालयापुढे गेले. २०२२ साली न्यायालयाने या व्यवहारांवर ताशेरे ओढले, पण दाद मागायला फार उशीर झाला, आता बांधकामे उभी आहेत, या कारणाने हस्तक्षेप करायचे नाकारले. म्हणजे आधी इमारत, मग कायदा आणि शेवटी न्याय. शेवटी येणाऱ्या न्यायाला आपल्याकडे निरोपाचा नारळ म्हणतात.

पाण्याचा हिशेब

माझे शिक्षण शेतीशास्त्राचे, म्हणून हा हिशेब मला मांडलाच पाहिजे. जलाशयाला मिळणाऱ्या ओढ्यांवर बंधारे घालून सुमारे ०.८७ टीएमसी पाणी वापरण्याची मुभा या वसाहतीला मिळाली. हा आकडा डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून तो शेतात उतरवू.

एक टीएमसी म्हणजे दोन कोटी त्र्याऐंशी लाख घनमीटर. ०.८७ टीएमसी म्हणजे जवळजवळ दोन कोटी शेहेचाळीस लाख घनमीटर. रब्बी ज्वारी पोटरीत आली आहे, जमिनीला भेगा पडू लागल्या आहेत, अशा वेळी पाच सेंटिमीटरचे एकच संरक्षित पाणी द्यायचे ठरवले तर हेक्टरी पाचशे घनमीटर लागतात. वाटेत निम्मे पाणी मुरले, उडाले असे धरा. तरीही साठ हजार एकर ज्वारीला एक पाणी मिळते. कोरडवाहू शेतीत त्या एका पाण्याची किंमत काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. कणीस भरणे आणि नुसता कडबा हातात येणे यात तेवढेच अंतर असते. कपाशी पाते-बोंडांवर असताना पावसाने ओढ दिली, तर त्या एका पाण्यावर वर्षाचे कर्ज फिटते किंवा चढते.

कुणी म्हणेल, मोसे नदीचे पाणी विदर्भात किंवा मराठवाड्यात येणार होते काय? नव्हते. ते लवासाला दिले नसते तरी आपल्या शेतात आले नसते. प्रश्न त्या पाण्याचा नाही, ते वाटण्याच्या रीतीचा आहे. शेततळ्याच्या अनुदानाला खेटे घालताना आपल्याला 'पाणलोट', 'निकष', 'उपलब्धता' हे शब्द ऐकवले जातात. वरच्या ओढ्यावर बंधारा घातला तर खालच्या धरणाचे पाणी कमी होईल, हे सांगायला अधिकारी तत्पर असतात. लवासाच्या वेळी हे शब्द कोणत्या कपाटात होते?

आमच्या गोदावरी खोऱ्यात तर शेतकऱ्यालाच शेतकऱ्याशी झुंजवले आहे. २०२३ च्या दुष्काळी वर्षात नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश झाला. नाशिकचा शेतकरी म्हणाला आमचे पाणी पळवले, मराठवाड्याचा म्हणाला आमचा हक्क अडवला. दोघांच्याही कोरड्या घशांचे भांडण. त्या भांडणात धरणाकाठचे पोहण्याचे हौद आणि हिरवळी कुणी मोजायला गेले काय?

सरपंच नसलेले गाव

आता त्या घरांत राहायला गेलेल्या माणसांकडे पाहू. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. त्यातले पुष्कळ नोकरदार आहेत, निवृत्त आहेत. आयुष्याची पुंजी घालून तळ्याकाठी घर घ्यावे असे एखाद्याला वाटले तर तो गुन्हा नव्हे. दासवे गावाच्या जागी इटलीतल्या पोर्टोफिनोसारखे रंगीत नगर उभे राहिले. काठाने फिरायचा रस्ता, उपाहारगृहे, नौका. पर्यटक गेले, फोटो काढून आले.

पण या नगराला ना नगरपालिका होती, ना निवडून दिलेला नगराध्यक्ष. २००८ साली सरकारने कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरण केले. म्हणजे बांधणारी कंपनी आणि बांधकामाला परवानगी देणारीही कंपनीच! कुंपणानेच सातबारा वाचावा, तसा हा प्रकार. २०१० साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले. २०११ साली पहिल्या टप्प्याला मंजुरी मिळाली. २०१७ साली प्राधिकरणाचा दर्जा काढून घेतला गेला. या सबंध काळात घरमालकाच्या हातात काय होते? पावती. आपल्या ग्रामपंचायतीला आपण रोज शिव्या देतो, पण पाच वर्षांनी सरपंच पाडता येतो. कंपनी पाडता येत नाही. ती आपली आपण पडते, आणि पडताना आपल्या अंगावर पडते.

२०२४ च्या जुलैत अतिवृष्टीत लवासात दरड कोसळून बंगले गाडले गेले. डोंगराचा उतार किती कापावा, हे ठरवायला इटलीचे चित्र उपयोगी पडत नाही. सह्याद्रीचा पाऊस ठाऊक असावा लागतो. तो ज्यांना ठाऊक होता ते आधीच उठवले गेले होते.

रुपयाचे सत्तावीस पैसे

२०१८ च्या ऑगस्टमध्ये कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेली. देणेकऱ्यांचे मान्य झालेले दावे होते ६,६४२ कोटी रुपयांचे. घर घेणाऱ्या ८३७ जणांचे दावे मान्य झाले. २०२३ साली एका कंपनीची १,८१४ कोटींची योजना मंजूर झाली, तीही आठ वर्षांत फेडायची. रुपयामागे सत्तावीस पैसे! आणि तेही आले नाहीत. पैसे भरले नाहीत म्हणून २०२४ साली ती मंजुरीच रद्द झाली.

भावांनो, तुमच्यावर लाखाचे पीककर्ज असेल आणि तुम्ही बँकेत जाऊन म्हणालात, "साहेब, सत्तावीस हजार देतो, तेही आठ वर्षांत, बाकीचे विसरा," तर साहेब काय करतील? नोटीस येईल, जप्ती येईल. तुमच्या थकबाकीला 'पत बिघडवणारी कर्जमाफी' म्हणतात. त्यांच्या थकबाकीला 'निराकरण योजना' म्हणतात. कंपनीला दिवाळे काढायचा रीतसर कायदा आहे. शेतकऱ्याला त्यासाठी झाडाची फांदी शोधावी लागते. हे वाक्य लिहिताना हात जड होतो, पण ते खरे आहे.

आणि ती ८३७ माणसे? पैसे भरले, कागद हातात, घर नाही. धरणग्रस्ताची गोष्ट याहून वेगळी नाही. जमीन दिली, कागद हातात, पर्यायी जमीन नाही. इंडियातला माणूस भारतातल्या रांगेत येऊन उभा राहिला, एवढेच. त्याच्या फजितीवर हसू नका. त्याला सांगा की ही रांग फार जुनी आहे.

मग जमीन विकूच नये काय?

असे मी म्हणत नाही. तोट्याची शेती करत राहणे हा काही धर्म नव्हे. ज्याला विकायची आहे त्याला विकता आली पाहिजे, हव्या त्या माणसाला आणि मिळेल त्या उंच भावाला. आक्षेप विक्रीला नाही. सरकार शेतकऱ्याचे हात बांधते आणि मग गिऱ्हाइकाला त्याच्या दारात पाठवते, याला आक्षेप आहे.

लवासाची गोष्ट लवासापाशी संपलेली नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयाभोवती दोनशेहून अधिक गावांत 'नवीन महाबळेश्वर' घाटते आहे. समृद्धी महामार्गालगत नवनगरांच्या योजना आहेत. उद्या तुमच्या तालुक्यातल्या पाझर तलावालाही कुणी 'लेक' म्हणेल. म्हणून जिल्हा बैठकीत पुढील मागण्यांवर ठराव करावेत.

१. धरणासाठी घेतलेली आणि धरणाला न लागलेली जमीन आधी मूळ मालकाला परत द्यावी. त्याला नको असेल तर जाहीर लिलाव करावा आणि वाढीव रकमेत त्याचा हिस्सा ठेवावा.

२. जमीन विक्रीवरची आणि धारणेवरची बंधने उठवायची तर सर्वांसाठी उठवावीत. कंपनीला सूट आणि शेतकऱ्याला बेडी, हे चालणार नाही.

३. जलाशयातून आणि त्याच्या ओढ्यांतून कुणाला किती पाणी दिले, याची यादी दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवावी.

४. कर्ज बुडाल्यावर कंपनीला जी तडजोड मिळते, तीच कोरडवाहू शेतकऱ्याला कायद्याने मिळावी.

आणि सरकारने काही करेपर्यंत आपल्या हातातल्या गोष्टी: दलालाला कुलमुखत्यारपत्र देऊ नका. इसार घेऊन साठेखतावर सही करण्याआधी ते मोठ्याने वाचून घ्या, बायकोसमोर आणि मुलांसमोर. पूर्ण रक्कम खात्यात आल्याशिवाय खरेदीखत करू नका. भाडेपट्ट्याने देता येत असेल तर विकू नका, आणि विकलीच तर एकट्याने विकू नका. शेजारचे चार बांध एकत्र बसून भाव मागतात तेव्हा दलालाचा आवाज खाली येतो.

धरणाचे पाणी दरवर्षी उन्हाळ्यात खाली जाते. बुडालेल्या गावाची देवळे, ओटे, विहिरींची तोंडे उघडी पडतात. तळ्याकाठच्या बाल्कनीतून ते दृश्य चांगले दिसत नाही म्हणून जाहिरातीत कधी छापत नाहीत. ठराव करताना आपण ते विसरू नये.