डोंगरमाथ्यावरील पवनचक्क्या व गावचे वाचनालय

पाटणच्या पठारांवर, वनकुसवड्याच्या बाजूस, पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या त्यास आता पाव शतक लोटले. त्या केवळ वाऱ्याच्या ओढीने आल्या नाहीत. यंत्राची सर्व किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून उत्पन्नातून वजा करण्याची मुभा त्या काळी केंद्राने दिली होती. 1998 च्या धोरणाने महाराष्ट्र शासनाने विक्रीकरातील सवलतीची तीत भर घातली. दूरदूरच्या कारखानदारांनी कर वाचविला आणि आमच्या डोंगरमाथ्यावर पाती फिरू लागली. यात आक्षेपार्ह असे काही नाही. वीज निर्माण झाली. परंतु कर सोडला म्हणजे भांडवल पाटणसारख्या आडवळणी तालुक्याचा घाटही चढून येते, एवढे त्यावरून सिद्ध झाले. मग यंत्रासाठी जो उपाय लागू पडला, तो गावच्या वाचनालयासाठी, तालमीसाठी, महिला मंडळासाठी का योजू नये?

देणगीस सवलत मुळीच नाही, असे नव्हे. 1961 च्या आयकर कायद्यातील 80-जी हे कलम देणगीदारांस परिचित आहे व 2025 च्या नव्या कायद्यातही ती तरतूद राखली आहे. मात्र ती पदरात किती टाकते ते पाहावे. सामान्य धर्मादाय संस्थेस एक हजार रुपये दिले तर त्यांतील पाचशे उत्पन्नातून वजा होतात. वीस टक्क्यांनी कर भरणाऱ्याचे वाचतात सुमारे शंभर. तेही त्याने जुनी करपद्धती मागून घेतली तर! 2023 पासून नवी पद्धती हीच सर्वांची मूळ पद्धती ठरली असून तीत या वजावटीस स्थान नाही. तिकडे संस्थेने ठरावीक मुदतीने नोंदणी नवी करावयाची, प्रत्येक देणगीदाराचे विवरण संगणकाद्वारे आयकर खात्यास धाडावयाचे. खेड्यातील वाचनालयाचा चिटणीस हा बहुधा निवृत्त शिक्षक नाहीतर पोस्टमास्तर. हिशेबनिसाची फी देता देताच देणगी संपावयाची!

मोठ्या कंपन्यांचा मार्ग निराळा. 2013 च्या कंपनी कायद्याच्या 135 व्या कलमाने त्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे भाग आहे, आणि जेथे धंदा चालतो त्या परिसरास अग्रक्रम द्यावा, असेही कलम सांगते. हा अग्रक्रम बंधनकारक नव्हे, असा खुलासा सरकारने 2021 मध्ये केला. शिवाय पैसा घेणाऱ्या बाहेरच्या संस्थेस तीन वर्षांच्या तशाच कार्याचा पूर्वेतिहास लागतो. पात्यांच्या सावलीतील मंडळाने तो कोठून आणावा?

दानाला सवलतीचे आमिष कशास, असे काही सज्जन म्हणतील. आक्षेप हलका नाही. याच मुलखात, कऱ्हाडजवळच्या काले गावी, 1919 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. मुठीमुठीने जमविलेल्या धान्यावर वसतिगृहे चालली, लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्यांनी कोणती सवलत मागितली होती? परंतु लक्ष्मीबाईंचा त्याग दुकानदाराच्या वहीखात्यात अपेक्षिणे हा न्याय नव्हे. आम्ही शिक्षक असताना शाळेच्या एका खोलीसाठी पावतीपुस्तक घेऊन बाजारपेठ फिरलो आहोत. लोक देत, पण दिलेले कोठे जमा धरले जाईल, हेही विचारीत. त्या विचारण्यात आम्हांस कधी कृपणपणा दिसला नाही.

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्याने 1967 मध्ये, म्हणजे ज्या वर्षाच्या अखेरीस कोयनानगर भूकंपाने हादरले त्याच वर्षी, असा कायदा केला की, गरीब वस्त्यांतील लोकसंस्थांस व्यापाऱ्याने मदत केली तर तिचा मोठा हिस्सा उत्पन्नातून नव्हे, तर थेट राज्याच्या करातूनच वजा व्हावा. भेद बारीक दिसतो, पण शंभर रुपये आणि पाचशे रुपये यांतील भेद तो हाच. खोट्या पावत्यांचे भय तेथेही असणार. म्हणून संस्था व कार्य यांना आधी मान्यता, आणि सवलतीस एकंदर मर्यादा.

आयकर दिल्लीच्या हाती आहे. व्यवसाय कर मात्र राज्याचा. राज्यघटनेने त्याची कमाल मर्यादा वर्षाला अडीच हजार रुपये ठेविली आहे. रक्कम लहान, पण पाटण, ढेबेवाडी, मल्हारपेठ येथील दुकानदार तो कर भरतोच. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या, हिशेब चोख ठेवणाऱ्या व त्याच तालुक्यात काम करणाऱ्या संस्थेस त्याने देणगी दिली, तर तिची रक्कम निम्म्या करापर्यंत करात जमा धरावी. शासनाची तिजोरी त्याने रिती होणार नाही. 2021 च्या जुलैत आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. तशा रात्री रस्ते खचलेले असता सरकारी गाडीची वाट पाहावी लागते. दोरखंड, कंदील व चार तरुण ज्या मंडळाच्या खोलीत असतात ते जवळच असते. त्या खोलीचे पत्रे कोणी घालावयाचे, हा प्रश्न पावसाळ्यापूर्वीच सुटावयास हवा.

व्यवसाय कराचा अधिनियम 1975 चा आहे. त्यात एक पोटकलम घालण्यास विधिमंडळास दिल्लीचे दार ठोठवावे लागत नाही. पाटणच्या व्यापाऱ्यांनी व संस्थांनी मिळून ही मागणी येत्या अर्थसंकल्पापूर्वी लेखी स्वरूपात मुंबईस धाडावी.